खाजा मिस्त्रीचा न गळणारा जोड

सकाळी वहिदा नवऱ्याला तोंड धुवायला एक तांब्या पाणी द्यायची आणि त्याचं धुऊन होईस्तोवर कंबरेवर हात ठेवून समोर उभी राहायची. तो दुसरा तांब्या मागेल ही धास्ती नव्हती, तेवढी हिंमत त्याच्यात नव्हती. पहिल्यातलं उरलेलं पाणी तो उगाच पायावर ओतून टाकेल, ही होती. त्या दिवशी खाजानं चूळ जरा दांडगी भरली तशी ती म्हणाली, "मुंह धो रै की मोटार?"

खाजानं आपल्या घरच्या दखनीत तिला सुनावलं की लातुरातल्या निम्म्या घरांत पाणी त्याच्या हातानं पोचलंय, तेव्हा मिस्त्रीशी जरा अदबीनं बोलावं. वहिदानं अदबीनं तांब्या काढून घेतला. "आणि अपने घर में कब पोचता?" असं तिनं विचारलं, तेवढ्यात दारावर काठी वाजली.

हातानं दार वाजवणारा माणूस बसायला आलेला असतो, काठीनं वाजवणारा भांडायला. खाजानं दार उघडलं तर कोंडाबाई सोनकांबळे. कलेक्टर कचेरीतल्या साहेबराव हेडक्लार्कची आई. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात फडक्यानं झाकलेला पितळी तांब्या, दवाखान्यात तपासायला न्यावा तसा जपून धरलेला.

"जय भीम, मावशी. या की आत."

"सलाम. आत यायला न्हाई आले. हे घे, तुझं हाय." तिनं फडकं काढलं. तांब्यात पाणी.

"माझं?"

"तुझ्या गिझरचं. काल सांजंला चालू केला, सकाळपोत येवढं गळलं. थेंब थेंब गळून राहिलंय. म्या खाली तांब्या धरला म्हणून, न्हाईतर गेलं असतं मोरीत."

हे सगळं ती कानात सांगत नव्हती. खाजाच्या दारावरूनच टँकरची रांग जायची. टँकरचा पत्ता नव्हता, पण घागरी पहाटेपासून लागलेल्या, आणि घागरींशेजारी बायका, ज्यांना टँकर येईस्तोवर दुसरा उद्योग नव्हता. पुढून तिसऱ्या घागरीची गंगम्मा मान वळवून म्हणाली, "यव्वा, खाजाचं गळायला लागलं?"

रांग हसली. हसू पार गिरणीपर्यंत गेलं. तिथल्या बायकांना काय झालं ते कळलंही नव्हतं, तरी त्या हसल्या. खाजानं तो तांब्या घेतला, हत्यारांची पिशवी खांद्याला मारली आणि कोंडाबाईच्या पुढं दोन पावलं चालायला लागला. तेवढ्यानं तरी वाटावं, की तो स्वतःहून निघालाय.

आता यात एवढं लाजण्यासारखं काय, असं परक्या गावच्या माणसाला वाटेल. पण 'खाजाचा जोड गळत नाही' ही त्या भागात म्हणच होती, आणि ती म्हण खाजानंच पाडलेली होती. हॉटेलात, मशिदीच्या पायरीवर, लोकांच्या लग्नात, मयतीच्या गर्दीतसुद्धा तो ती ऐकवायचा. त्याचा बाप भिश्ती होता, निजामाच्या अमदानीत कचेरीच्या अंगणात कातडी मशकीनं सडा मारणारा. गळक्या मशकीचा भिश्ती हा रस्त्याचा नोकर, घरी पोचेस्तोवर पाणी रस्ताच पितो, असं तो म्हणायचा. मशका संपल्या, नळ आले, तसा बापानं पोराला नांदेडला सरदारमियाँ उस्तादाकडं धाडलं. उस्ताद लोखंडी पाइपाला आटे पाडायला शिकवायचा, आट्यांवर अंबाडीचा धागा आणि सफेद्याची पांढरी लुकण लावून जोड कसायला शिकवायचा, आणि मग जोडाखाली चुलीतली राख भुरभुरून ठेवायचा. सकाळी राखेत एक ओला डाग दिसला की जोड पुन्हा खोल. खाजानं ती राख आयुष्यभर सोडली नाही. गिऱ्हाइकाच्या घरात जोडणी केली की त्यांच्याच चुलीतली राख मागून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन सगळ्या घराला कोरडी राख दाखवायचा. घरातली बाई पोळ्या सोडून यायची तरच त्याचं समाधान व्हायचं.

लातूर जिल्हा झाला आणि खाजाचे दिवस आले. उस्मानाबादच्या पोटातून जिल्हा वेगळा काढला. कलेक्टर आला, एसपी आला, लाल दिव्याच्या गाड्या आल्या, पाट्या बदलल्या. पाणी तेवढं तालुक्याचंच राहिलं. त्यात दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली. नळ आठवड्यातून एकदा खोकल्यासारखा आवाज करायचा आणि तेवढ्यावर लोक खूश व्हायचे. पण साहेब लोक बदलून आले ते सामानात गिझर घेऊन. मोठ्या साहेबाच्या भिंतीवर गिझर दिसल्यावर छोट्या साहेबाला थंड पाण्यानं सर्दी व्हायला लागली, आणि छोट्या साहेबाच्या घरी तो लागल्यावर हेडक्लार्कला. शिवाय जळणाला काटकी मिळेना, त्यामुळे अंगणातले तांब्याचे बंब थंड पडलेले. अशी टाकीत पाणी नसलेली आणि भिंतीवर गिझर असलेली घरं वाढत गेली. सगळ्या जोडण्या खाजाच्या.

साहेबरावांच्या क्वार्टरात गिझर लावून चारच दिवस झाले होते. न्हाणीघराच्या भिंतीवर पांढरा शुभ्र डबा आणि त्याच्या पोटातून उतरलेले दोन पाइप. एकातून थंड आत जायचं, दुसऱ्यातून गरम बाहेर यायचं. थंडाच्या पाइपावर कंपनीनं दिलेला एक पितळी तुकडा होता, त्याला आडवी बारकी चोच. त्या चोचीतून टप्प, टप्प चाललेलं.

खाजानं आधी आपले जोड चाचपले. सगळे कोरडे ठणठणीत. मग चोचीला बोट लावलं. बोट ओलं झालं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"हे माझं न्हाई. हे कंपनीचं गळतंय."

साहेबरावांची बायको उमा दारात उभी होती. उदगीरच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, पण ते ती कुणाला सांगत बसत नसे, कारण सासू ते सगळ्यांना सांगायची. ती म्हणाली, "खाजाभाई, दुकानदार म्हणाला होता, पाणी तापताना तिथून थोडं टिपकेल. ते मुद्दामच ठेवलंय म्हणे."

"मुद्दाम?" खाजानं तिच्याकडं असं पाहिलं, जशी तीच कंपनीची मालकीण. "वहिनी, मुद्दाम गळणारी वस्तू कुणी विकतंय का? उद्या म्हणतील चाळणीची घागर घ्या, भोकं मुद्दाम ठेवलीत."

"खरंय त्याचं," कोंडाबाई म्हणाली.

कोंडाबाईचं थेंबावर लक्ष असणं साहजिक होतं. उमरीकडच्या तिच्या गावात लहानपणी पाणी मिळायचं ते वरून ओतलेलं, ओतणारीच्या मर्जीनं, आणि ओतणारीला घाई असली की निम्मं जमिनीत जायचं. छप्पन साली धम्म घेतला आणि पुढच्याच उन्हाळ्यात वस्तीनं आपली विहीर खांदली. कोंडाबाईनं डोईवर माती वाहिली तेव्हा साहेबराव पोटात होते. तेव्हापासून तिच्या घरात पाणी सांडणं आणि शिवी देणं सारखंच होतं. फरक एवढाच, की शिवी ती स्वतः देऊ शकायची.

"बूच मारून टाक," ती म्हणाली.

"पण आई, एकदा दुकानदाराला विचारू तरी," उमा म्हणाली.

"दुकानदार विकणारा, जोडणारा मी," खाजा म्हणाला. दोघांपुढं तिसऱ्याचं चालत नाही, आणि तिसरी सून असली तर नाहीच.

अंगणातल्या लिंबाची काडी तासून त्यानं चोचीच्या मापाची खुंटी केली. पिशवीत हात घातला तर अंबाडीचा धागा गायब. वहिदानं तो खाटेची सैल झालेली दावण आवळायला घेतलेला. सफेद्याचा डबाही खरवडून रिकामा. खाजानं इकडंतिकडं पाहिलं, ज्वारीच्या पोत्याची सुतळी ओढली, तीच खुंटीला गुंडाळली आणि पान्यानं ठोकून खुंटी चोचीत बसवली. पुढच्या वेळी येऊन पक्कं करू, असं त्यानं मनात म्हटलं. राख भुरभुरली. थेंब बंद.

उमानं चहा दिला, निव्वळ दुधाचा. दुष्काळात पाहुण्याची एवढी चैन व्हायची.

त्या चहानं खाजाची जीभ सुटली, म्हणजे जी एरवीही बांधलेली नसे ती. गंजगोलाईच्या बाजारातल्या हॉटेलात बसून त्यानं कंपनीची अब्रू काढली. "गिझर बनवायची अक्कल हाय, थेंब धरायची न्हाई. लातूरच्या मिस्त्रीनं धरला." ते ऐकून बसवंत वकिलांनी त्याला तिथूनच घरी नेलं. त्यांच्याही गिझरची चोच टिपकत होती. वाटेत खाजानं नवा अंबाडीचा धागा आणि सफेदा विकत घेतला आणि वकिलांची चोच अशी पक्की बंद केली, की उस्ताद असता तर त्यानं पाठ थोपटली असती. राख तर भुरभुरलीच.

ऐकणाऱ्यांत सिद्रामप्पा ठेकेदारही होता. सरकारी कॉलनीत नवे क्वार्टर बांधायचं काम त्याच्याकडं होतं, आणि प्रत्येक क्वार्टरात गिझर. तो हळूच म्हणाला, "आयतवारी हेडक्लार्काच्या घरी येतो. कोरडं दाखव. सगळी कॉलनी तुझी."

खाजाला झोप लागेना. एक अख्खी कॉलनी, ओळीनं घरं, आणि प्रत्येक घरात कोरडी राख. त्यानं वहिदाला सांगितलं की आता दारात नळ घेऊ. वहिदा म्हणाली, "नळ लेते, पानी किसका?" तरी ती त्या दिवशी तांब्या ठेवून आत गेली, समोर उभी राहिली नाही.

आयतवारी साहेबरावांनी सिद्रामप्पाच्या मानासाठी भल्या सकाळी गिझर लावून ठेवला. सिद्रामप्पा पांढरं धोतर, काळी टोपी, कपाळाला विभूती अशा थाटात आला, हातात चहाची बशी घेऊन न्हाणीच्या दारात उभा राहिला. आत खाजा. बाजूला कोंडाबाई आणि साहेबराव, मागं उमा.

"बघा, ही राख," खाजा म्हणाला. "परवा टाकलेली. हाय का डाग? आता हा जोड बघा. हात लावा. हा बघा. आणि ही कंपनीची चोच, जी सगळ्या लातुरात गळून राहिलीया. हिच्याकडं बघा. एक थेंब, एक थेंब जरी..."

फट्ट करून आवाज झाला. खुंटी चोचीतून सुटली, सिद्रामप्पाच्या टोपीला घेऊन गेली आणि स्वयंपाकघरातल्या पिठाच्या डब्यावर ठण्णदिशी आदळली. टोपी मागं उमाच्या पायाशी पडली. चोचीतून वाफेसकट पाण्याची धार सुटली, समोरच्या भिंतीवर फुटली आणि तिथून सगळीच्या सगळी खाजावर आली. भिंतीवरून येईतो ती कोमट झाली होती म्हणून निभावलं. दुष्काळ पडल्यापासून खाजाच्या अंगाला एवढं पाणी एकदम लागलं नव्हतं.

सगळ्यात आधी कोंडाबाई हलली. तिनं धारेखाली बादली सरकवली. मग उमानं धावत जाऊन मेन स्विच पाडला. धार बारीक झाली, थेंबावर आली, आणि न्हाणीत पुन्हा तेच, टप्प, टप्प.

"माझी टोपी," सिद्रामप्पा म्हणाला. त्याच्या हातातली बशी मात्र सांडली नव्हती. ठेकेदार माणूस.

खाजा खुंटी शोधून घेऊन आला. तिच्याभोवतीची सुतळी उलगडून लोंबत होती. "सुतळी होती," तो म्हणाला, अजूनही आपल्याच कामाची बाजू मांडत. "अंबाडी असती, सफेदा असता, तर हलली नसती."

"मग काय झालं असतं?" उमानं विचारलं.

"म्हणजे?"

"खाजाभाई, आत गेलेलं पाणी त्या पितळी तुकड्यातून मागं येत नाही. गरम पाण्याचा नळ आपण बंद ठेवलेला. आणि पाणी तापलं की फुगतं. कुकरच्या शिट्टीला कुणी बूच मारतं का? खुंटी हलली नसती, तर दुसरं काय हललं असतं?"

सगळ्यांनी वर पांढऱ्या डब्याकडं पाहिलं. खाजानंही पाहिलं. तो डबा सिद्रामप्पाच्या टोपीला घेऊन गेला नसता, सिद्रामप्पालाच घेऊन गेला असता. आयुष्यात पहिल्यांदा खाजाचं काम कच्चं झालं होतं, आणि म्हणून पाच माणसं न्हाणीत उभी होती. हे त्याच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. शिरलं तसं त्याच्यामागोमाग दुसरं शिरलं, आणि त्याच्या तोंडाचा रंगच गेला.

"वकील," तो म्हणाला.

"काय वकील?" साहेबरावांनी विचारलं. पण खाजा पाना घेऊन पळाला होता.

वकिलांच्या घरची खुंटी अंबाडीची होती. सफेद्याची. उस्तादानं पाठ थोपटावी अशी. आणि वकील गिझर लावायचे ते फक्त आयतवारी, उशिरा, पण ऐसपैस अंघोळीसाठी.

आता दुष्काळातल्या गावात एक माणूस डोक्यापासून पायापर्यंत निथळत पळताना दिसला, तर लोक काय समजतील? कुठंतरी मोठा पाइप फुटला, एवढंच. पानटपरीवाल्यानं ओरडून विचारलं, "खाजा, कुठं फुटलं?" खाजा पळता पळता म्हणाला, "अजून न्हाई फुटलं." मग तर लोकांना राहवेना. जे फुटणार आहे तिथं आधी पोचलेलं बरं. टँकरच्या रांगेतल्या बायका घागरी घेऊन निघाल्या, गंगम्मा सगळ्यांत पुढं. कुणी हंडा, कुणी पिंप, एकानं सायकलीला बादल्या अडकवलेल्या. बसवंत वकिलांच्या दारात खाजा पोचला तेव्हा त्याच्यामागं अर्धी गल्ली होती. मोर्चा कलेक्टर कचेरीवर जायचा सोडून इकडं कसा आला, असा प्रश्न पडून वकील कपाळावर साबण तसाच घेऊन बाहेर आले.

"अंघोळ झाली?" खाजानं धापा टाकत विचारलं.

"चाललीय. का?"

"गरम पाण्याचा नळ सोडलेला हाय का?"

"सोडलाय. बादली भरतीय की."

खाजा तिथंच उंबऱ्यावर बसला. नळ सोडलेला होता म्हणून फुगणाऱ्या पाण्याला वाट होती. मग उठला, आत जाऊन बटण बंद केलं, पान्यानं खुंटी पिरगाळली. ती सुटेना. इतकी पक्की. शेवटी काडी चिरून तुकडे तुकडे काढले, तेव्हा चोचीतून थुंकल्यासारखं पाणी आलं आणि खाजानं आयुष्यात पहिल्यांदा गळणाऱ्या पाण्याकडं बघून सुस्कारा टाकला. बाहेर गंगम्मा रिकामी घागर हलवत म्हणाली, "कुठं फुटलं की खाजा? आम्हास्नी उगाच पळवलास व्हय?" वकिलांनी तर साबण धुवायच्या आधीच गिझर बंद का केला, ते त्याला दोनदा विचारलं.

दुपारी अंगावरचे कपडे वाळले तसा खाजा पुन्हा साहेबरावांच्या क्वार्टरात आला. न बोलवता. चोचीला त्यानं बारकी नळी जोडली, तो जोड मात्र अंबाडी आणि सफेद्यानं कसला, आणि नळीचं दुसरं टोक कोंडाबाईनं आणून ठेवलेल्या मडक्यात सोडलं. थेंब नळीतून मडक्यात पडायला लागला. कोंडाबाईनं खाली वाकून बघितलं, मडक्यावर झाकण ठेवलं आणि झाकणाला नळीपुरती फट ठेवली.

"आता राख न्हाई टाकायची?" तिनं विचारलं.

"जोडाखाली टाकतो की. चोचीखाली न्हाई."

सिद्रामप्पानं निरोप ठेवला होता. उद्या सरकारी इंजिनिअर साहेबाला घेऊन येतो, त्याला दाखव, मग कॉलनीचं बघू. टोपीबद्दल निरोपात काही नव्हतं, पण टोपी चेपलेलीच होती म्हणे.

खाजा हत्यारं गोळा करत राहिला. करायची ती सगळी गोळा झाली तरी करत राहिला. उमा मडक्याजवळ उभी होती.

"उद्या साहेब येतील तेव्हा तुम्ही असाल ना?" तिनं विचारलं.

"असन. पण मी बोलाय लागलो की लई बोलतो, वहिनी. आज बघितलं न्हवं का तुम्ही." त्यानं पाना पिशवीत ठेवला. "साहेब विचारंल, हे गळतंय का म्हणून. तुम्ही सांगा. फकस्त येवढंच सांगा, की ही नळी खाजानं गळायलाच ठेवलीया."